पिवळी गाडी आणि साटोऱ्यांचा डबा

हिमायतनगर, हैदराबाद
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

नेहा,

आशीर्वाद. चालत असतील तर घे, नसतील तर पुढच्या ओळीवर जा.

परागच्या लग्नाला तुला 'एकटीनेच ये' असा निरोप गेला, त्या दिवसापासून तू माझा फोन घेणं बंद केलं आहेस. दोन वर्षं झाली. म्हणून हे पत्र. हिमायतनगरहून मलकपेठेला ऑटोने वीस मिनिटं लागतात आणि मी पोस्टाने लिहितेय, हसू नकोस. अक्षर मोठं काढलंय. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना मराठी शिकवलं आणि स्वतःच्या मुलीला इंग्रजी शाळेत घातलं, तेव्हा आता मोठं अक्षर काढणं भाग आहे.

तुला सातवा महिना लागलाय हे मला परवा कळलं. तुझ्या सासूबाईंकडून. आई जिवंत आहे, चार किलोमीटरवर राहते, आणि तिला ही बातमी मराठवाड्यातल्या एका घरात कळते. त्या मला भेटल्या कशा ते सांगते. त्यासाठी तुझ्या भावाच्या गाडीबद्दल लिहावं लागेल, आणि ते लिहिताना माझं डोकं उठतं.

परागने स्पोर्ट्स कार घेतली आहे. कुणा बिल्डरने मिरवून झाल्यावर काढलेली, पिवळीधमक, दोन माणसांची. लिंबू-मिरची बांधली तर ती रस्त्याला घासते, इतकी बुटकी. आपल्या घरात नवं वाहन आधी तुळजापूरला जातं, मग बाकी कुठे, हे तुला ठाऊक आहे. बाबांची स्कूटरसुद्धा ट्रकवर चढवून नेली होती. परागला त्याच्या पाच गाडीवाल्या मित्रांबरोबर गोव्याला जायचं होतं. बाबा म्हणाले, आधी देवी, मग गोवा. पण त्या गाडीत बसायचं तर गुडघे हनुवटीला लावावे लागतात आणि बाबांचे गुडघे तुला माहीत आहेत. हर्षदा नवऱ्याच्या गाडीत बसायची सोडून एका मैत्रिणीच्या गाडीत बसली, कारण तिकडे एसी चांगला. राहिले मी. वय चौसष्ट.

सोवळ्यात साटोऱ्या केल्या, पितळी डब्यात भरल्या. गाडीची डिकी पुढे असते, आणि तीत कॅमेरे आणि तो ड्रोनचा उडणारा भोवरा. म्हणून डबा माझ्या मांडीवर. शुक्रवारी सकाळी सहाला निघालो.

नेहा, त्या गाडीतून माणसांचे चेहरे दिसत नाहीत. गुडघे दिसतात, धोतरं दिसतात, म्हशींची पोटं दिसतात. जहीराबादच्या अलीकडे शाळेला निघालेल्या मुली रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. पराग हळू झाला, त्यांच्या अगदी जवळ गेला आणि इंजिनाचा असा बार काढला की एक पोर दप्तरासकट गटारात गेली. मागच्या गाडीतून ते सगळं चित्रित होत होतं. पराग इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्याला मी पोटात वाढवलं, असं मनात आलं आणि मला स्वतःचीच शिसारी आली.

आणि स्पीडब्रेकर. स्पीडब्रेकर आला की मी उतरायचं, कारण माझ्या वजनाने गाडी खाली टेकते. साडी सावरत, डबा छातीशी धरून मी चालत पलीकडे जायचं, मग पराग गाडी तिरकी घालून, मुंगीच्या पावलाने आणणार, मागे ट्रकवाले आयाबहिणी काढणार, मग मी पुन्हा जमिनीवर बसल्यासारखी आत बसायचं. कर्नाटकात शिरेपर्यंत मोजत होते. नंतर सोडलं. एका ढाब्यावरच्या सरदारजीने मला विचारलं, "माताजी, पैदल यात्रा है क्या?"

उमरग्याच्या पुढे तुरी फुलल्या होत्या. पिवळ्या शेतात पिवळी गाडी, असा व्हिडिओ हवा म्हणून पराग हायवे सोडून आतल्या रस्त्याला वळला. तिथे गावकऱ्यांनी स्वतःच दगडमातीचा अडथळा घातला होता. मी उतरायच्या आत पराग त्यावर चढला आणि गाडी पोटावर बसली. पुढची चाकं अधांतरी. खालचा पत्रा फाटला आणि हिरवं पाणी वाहायला लागलं. मागच्या पाच गाड्यांनी आमच्याकडे बघितलं, व्हिडिओ घेतला आणि वळून हायवेला लागल्या. हर्षदाने हात हलवला. "तुळजापूरला भेटू," म्हणाली.

योगायोग बघ, ते गाव तुझ्या सासऱ्यांचं निघालं. किशनराव आले, बरोबर पक्कड, जुनी ट्यूब आणि सात-आठ माणसं. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बस असती तर कवाच काढली असती. हे म्हंजे चप्पल हाय."

पराग म्हणाला, "अंकल, उठाव, मगर पेंट को हाथ नक्को लगाव."

तुझ्या सासऱ्यांची अख्खी नोकरी हैदराबादच्या बसडेपोत गेली. ते परागच्याच भाषेत म्हणाले, "हौ बाबा, हात नै लगाते. आंखां से उठाते."

गाडी उचलली, बाजूला घेतली. किशनराव पाठीवर झोपून खाली शिरले आणि दोन तास काम केलं. चतुराबाईंनी मला आत बोलावलं. घर लहान पण अगदी स्वच्छ होतं. तिथेच त्या म्हणाल्या, "सातवा लागला की. तुमाला ठाव न्हाई?"

मी म्हटलं, ठाऊक आहे. खोटं बोलले.

तिथून हळूहळू तुळजापूरला पोचलो, पूजा झाली, देवीला नैवेद्य दाखवला. परागने मला बसस्टँडवर सोडलं आणि तो गोव्याला गेला. मी बसने परत आले. बसच्या खिडकीतून माणसांचे चेहरे दिसत होते, बरं वाटलं.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. एवढं एक मला करू दे. बाकी तुझा राग तसाच ठेव, पण एवढ्याचं उत्तर दे.

आई


हिमायतनगर
शनिवार, २२ नोव्हेंबर

नेहा,

उत्तर नाही. पत्र पोचलं असेल असं धरून चालते.

पहिल्या पत्रात मी 'योगायोग' लिहिलं होतं. योगायोग नव्हता. तुझ्या नवऱ्याच्या, प्रज्ञेशच्या गावाचं नाव मला तीन वर्षं पाठ आहे. उमरगा मागे पडलं तसं मीच परागला म्हटलं, "आत वळ, तिकडे तुरी छान फुलतात." मला तुरीशी काय करायचंय? वाटलं होतं, गावातून गाडी जाईल, ओसरीवर कुणीतरी दिसेल, मी सहज थांबवीन, तुझं काहीतरी कानावर पडेल. तुझ्या सासरी सरळ फोन करायला लाज वाटली, म्हणून हा उद्योग केला. गाडी अडकली ती माझ्यामुळे. परागला अजून सांगितलेलं नाही.

आता दुसरं. तू तो व्हिडिओ पाहिलास का?

मला आपल्या शेजारच्या मानसीने दाखवला, आधी हसत हसत, मग माझा चेहरा बघून तिने फोन उलटा ठेवला. गाडीखाली पाठीवर झोपलेले किशनराव. सदरा वर गेलेला, पोट उघडं, पाय चिखलात. वर परागने लिहिलंय, 'गावठी इंजिनिअर, फुकट सर्व्हिस', आणि पुढे हसणारी तोंडं. त्यांनी उत्तर दिलेलं ते 'आंखां से उठाते' कापून टाकलंय. माणसाला बोलायला ठेवलंच नाही, नुसतं पोट ठेवलं. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते मी इथे उतरवणार नाही. एक-दोघांनी जात विचारली आहे. एकाने ओळखूनच लिहिली आहे. परागने त्यालाही हसणारं तोंड पाठवलंय.

मी गोव्याला फोन लावला. म्हटलं, काढ ते. म्हणाला, "आई, दो लाख लोगां देखे. कैकू निकालना?"

मी म्हटलं, "त्या माणसाने दोन तास तुझ्यासाठी उन्हात काढले. तो तुझ्या बहिणीचा सासरा आहे."

"म्हणून तर नाव नाही टाकलं ना," म्हणाला. म्हणजे उपकारच केले.

मी फोन ठेवला आणि मोरीवर जाऊन उलटी केली. हे शोभेचं लिहीत नाही, खरंच केली. तुझे बाबा बाहेरून विचारत होते, पित्त झालं का. म्हटलं, हो, पित्तच.

बाबांना तुझी बातमी सांगितली आहे. वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, येऊ दे तिला. बाळंतपणाला तयार आहेत. तुझी खोली मी झाडून घेतली, पलंग खिडकीपासून लांब सरकवला, डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलं. बाकीच्यांच्या सोयीचं नंतर बघता येईल. तू फक्त हो म्हण.

आई


हिमायतनगर
रविवार, ३० नोव्हेंबर

नेहा,

काल एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. 'पत्रं पोचली. नेहाची तब्येत बरी आहे. व्हिडिओ माझ्या वडिलांनी पाहिला. प्रज्ञेश.' एकही चूक नाही. मी शिक्षिका आहे, लक्ष जातंच. तिसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मागच्या पत्रात 'बाकीच्यांच्या सोयीचं नंतर बघता येईल' असं लिहून मी पळवाट काढली होती. बाबांचे शब्द असे होते: "येऊ दे तिला. एकटी. तो दवाखान्यात येऊन बघून जाईल, घरी नाही." आणि मी ते ऐकून तुझी खोली झाडायला घेतली, नेहा. झाडून होईपर्यंत मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही. परागच्या लग्नाच्या वेळी 'एकटी' हा शब्द पत्रिकेच्या पाकिटावर कुणी लिहिला होता, ते तू ओळखलं असशील. अक्षर माझंच होतं.

पराग गोव्याहून आला. सोमवारी गाडी धुवायला दिली. संध्याकाळी जेवताना सांगत होता की माझ्या बाजूची सीट खास औषध घालून धुऊन घेतली, दोनदा. का, तर त्या दिवशी दुरुस्ती झाल्यावर किशनराव बायकोला म्हणाले होते, "बस की जराशी, बघ कसं लागतं." आणि चतुराबाई बसल्या होत्या. क्षणभरच. "अगं बया, हे तर पाळणाच हाय," म्हणून लहान मुलीसारख्या हसल्या होत्या. परागने नाक चिमटीत धरून ते हसणं करून दाखवलं. हर्षदा हसली. बाबा हसले नाहीत, पण "धुतली ते बरं केलंस," म्हणाले, आणि वरण वाढून घेतलं.

मला त्या ताटाची, त्या टेबलाची, त्या वरणाचीसुद्धा किळस आली. हा मुलगा अमेरिकेत शिकून आला. ह्याला हे कोणी शिकवलं? असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मला ठाऊक आहे कोणी शिकवलं. तो त्याच दिवशी, त्याच गाडीत बसून, माझ्याकडून शिकला.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, 'देवीला नैवेद्य दाखवला.' दाखवला. तुळजापुरात विकत घेतलेल्या पेढ्यांचा.

आता खरं काय झालं ते ऐक.

चतुराबाईंनी मला आत बोलावलं तेव्हा म्हणाल्या, "मी तुमच्या घरी आले तवा वकीलसाहेबांच्या पक्षकाराच्या खुर्चीवर बसले व्हते. तुमी आत या, पलंगावर बसा." रागाने नाही म्हणाल्या. तीन वर्षांपूर्वी ते दोघं तुमच्या लग्नाचं बोलायला आले, तेव्हा बाबांनी त्यांना वकिलीच्या ऑफिसच्या खोलीतच बसवलं होतं, आणि मी चहा आत ठेवून दार लोटलं होतं. हे त्या विसरल्या असतील असं मला वाटत होतं.

त्यांनी चहा केला. मी म्हटलं, नैवेद्य होईपर्यंत मी काही घेत नाही. असा काही नेम नाही माझा. जहीराबादला मी इडली खाल्ली होती. पराग स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायला.

डबा गाडीत उन्हात होता. मला आठवण नव्हती, त्यांना झाली. "देवीचं हाय ना, इटून जाईल," म्हणून त्या स्वतः गेल्या, डबा आणला, त्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि माठाशेजारी गारव्याला ठेवला. मी बघत होते. त्यांचे हात डब्याला लागले तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. त्या माझ्या देवीची काळजी घेत होत्या आणि मला धस्स झालं. निघताना डबा त्यांनीच माझ्या मांडीवर ठेवला. मी म्हटलं, "फार उपकार झाले." हात जोडले.

हायवेला लागल्यावर परागने गाडीतूनच बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. डब्याचंही. बाबांचा आवाज त्या गाडीत चहूबाजूंनी येतो, कुठून येतो कळत नाही. म्हणाले, "तो आता देवीला चालायचा नाही. सोडून द्या कुठेतरी."

पराग म्हणाला, "फेकू का?"

मी म्हटलं, "थांब. मी टाकते."

नळदुर्गच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली. मी उतरले. दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्याच्या कडेला नाला होता, त्यात प्लास्टिक आणि कोंबड्यांची पिसं. मी डबा उघडला. साटोऱ्या थंडगार होत्या, एकही विटली नव्हती. मी डबा उलटा केला. मग ते ओलं फडकंही टाकलं. मग नाल्यापासून लांब जाऊन बाटलीतल्या पाण्याने हात धुतले. डब्याला हात लावला म्हणून धुतले, की टाकल्याबद्दल धुतले, ते आता सांगता येत नाही. पण धुतले. पराग काचेतून बघत होता.

म्हणजे दहा दिवसांनी त्याने सीट धुतली त्यात नवल काय?

मी तुला माहेरी बोलावणार नाही. तुझी खोली झाडलेली आहे ती तशीच राहू दे. त्या घरात तुझं मूल जन्मू नये असं मला वाटतं. मला तिकडे येऊ देशील का, एवढं सांग. कामाला येईन. डिंकाचे लाडू करता येतात, बाळाला न्हाऊ घालता येतं. पण वरचं सगळं वाचून मग सांग.

आई


हिमायतनगर
सोमवार, ८ डिसेंबर

नेहा, प्रज्ञेश आणि चतुराबाई,

तिघांना लिहितेय, कारण आता मला कळलंय की माझी पत्रं तिघं ऐकता.

शनिवारी दुपारी चतुराबाईंचा फोन आला. त्या मलकपेठेला आल्या आहेत, बाळंतपण होईपर्यंत राहणार आहेत. म्हणाल्या, "विहीणबाई, मी बोलते." मला आजवर कुणी विहीणबाई म्हटलेलं नाही. परागच्या सासरचे मॅडम म्हणतात.

मी विचारलं, नेहा कशी आहे? म्हणाल्या, पाय सुजलेत, बाकी चांगली हाय, कैरी मागती, डिसेंबरात कैरी कुठून आणायची. मी हसले. त्या पण हसल्या. मग म्हणाल्या, "तुमची पत्रं आली की आमी समदी बसतो. नेहाला ते अक्षर लागत न्हाई, दोन वळी झाल्या की डोकं धरती. प्रज्ञेश वाचून दावतो. त्याची शाळा गावातच झाली, आजीपाशी ऱ्हाऊन. लई चांगलं वाचतो."

मोठं अक्षर काढून मी किती मोठी मेहरबानी केली असं समजत होते. वाचणार कोण, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. 'घर लहान पण अगदी स्वच्छ होतं,' हे मी लिहिलं आणि ते त्याने वाचलं, स्वतःच्या आईच्या घराबद्दल.

चतुराबाई पुढे म्हणाल्या, "पर ह्या टायमाचं पत्र वाचताना मधीच थांबला. येक पान सोडून दुसरं घेतलं. नेहाला कळलं न्हाई. मी आई हाय, मला कळतं पोरगं कवा गाळतंय. त्याला इचारलं तर म्हनला, काही न्हाई, गाडीचंच हाय. रातभर जागा व्हता." मग विचारलं, "काय लिवलंय वो त्याच्यात?"

नेहा, मी तीस वर्षं वर्गासमोर उभी राहिले. चतुराबाईंच्या त्या एका प्रश्नावर पळाले. म्हटलं, फोन तुटतोय, आणि ठेवला. फोन तुटत नव्हता.

प्रज्ञेश, तू ते का गाळलंस हे मला समजतं. आईला ऐकवलं नाहीस, बायकोला ऐकवलं नाहीस, सगळं एकट्याने पोटात ठेवलंस. पण त्याने मीही सुटते. मी लिहून मोकळी झाले आणि ओझं तुझ्याकडे दिलं. कागदावर लिहिणं सोपं होतं रे, मला समोर कुणाचा चेहरा दिसत नव्हता. ही माझी जुनी सवय आहे. पाकिटावरही मी लिहूनच मोकळी झाले होते.

किशनरावांच्या व्हिडिओचं सांगते. मी काल परागला म्हटलं, तो काढ, नाहीतर गाडीबद्दल आणि डब्याबद्दल मी माझ्या नावाने, माझ्या तोंडाने तसाच एक व्हिडिओ करीन आणि मानसी तो टाकेल. त्याने रात्री काढला. लाजून काढला असं समजू नका, भिऊन काढला. दोन लाख लोकांनी बघितलं ते परत घेता येत नाही, हे मला माहीत आहे.

बाबांना सांगितलं, मी मलकपेठेला जातेय. ते म्हणाले, "तिकडे खाऊन-पिऊन आलीस तर ह्या घरात देवघराला हात लावायचा नाही." मी म्हटलं, बरं. चाळीस वर्षांत त्यांना माझं असं सरळ उत्तर पहिल्यांदा मिळालं असेल. ते अजून बोललेले नाहीत. बोलतील की नाही, आणि परत आले तर दार उघडतील की नाही, मला सांगता येत नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. ह्या वयात माणूस कुठे जाणार? पण त्या वरणाच्या ताटावर पुन्हा बसायचं म्हटलं की भीतीपेक्षा किळस जास्त येते.

हे पत्र गुरुवारपर्यंत पोचेल. प्रज्ञेश, हे मात्र सगळं वाचून दाखव, एकही ओळ सोडू नकोस. मी रविवारी सकाळी अकरा वाजता येते. मधले दिवस तुमचे. दार बंद ठेवायचं ठरलं तर बंद ठेवा, मी घंटा एकदाच वाजवीन.

उघडलंत तर तीस तारखेचं ते पान मला द्या. चतुराबाईंच्या समोर बसून, त्यांच्याकडे बघत, मी ते माझ्या तोंडाने वाचीन. डबा, नाला, फडकं, हात धुतले तेसुद्धा. वाचून झाल्यावर मला ठेवून घ्यायचं की जा म्हणायचं, ते त्यांनी सांगावं.

नेहा, तुला विचारत नाही. तू माझी मुलगी आहेस, तू मला माफ करून टाकशील.

सरोज